अव्वल कारकुनाचे विद्यार्थीपण

महसूल खात्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याच्या अंगी एक सवय आपोआप मुरते, आणि ती म्हणजे समोर आलेल्या कोणत्याही कागदावर मजकुराआधी आवक क्रमांक, तारीख आणि खालची सही पाहावयाची. ही सवय घेऊन, पन्नाशी दृष्टिपथात आली असताना, मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सायंकाळी भरणाऱ्या पदविकेच्या वर्गात विद्यार्थी म्हणून दाखल झालो. विषय मुख्यतः दोन होते, डेटाबेस आणि प्रकल्प व्यवस्थापन. त्यांच्या जोडीला थोडे प्रोग्रामिंग आणि थोडा व्यावसायिक पत्रव्यवहार होता. पैकी पत्रव्यवहार शिकवणाऱ्या तरुण मास्तरांपेक्षा माझी लेखणी अधिक झिजलेली असल्यामुळे त्या तासांविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही.

सातबाऱ्याचे संगणकीकरण आमच्याकडे परिपत्रकांच्या वाटेने, वरून खाली आले. प्रशिक्षणे झाली नाहीत असे नाही; जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात बसवून पडद्यावर कोणत्या रकान्यात काय भरावयाचे, कोणते बटण दाबावयाचे आणि दाबल्यानंतर काय दिसावयास हवे, हे आम्हांस नीट समजावून देण्यात आले. परंतु ते बटण दाबल्यावर आत काय घडते, नोंद जतन झाली असे पडद्याने सांगितले म्हणजे ती नेमकी कोठे जाऊन बसली, आणि सातवर बरोबर असलेले क्षेत्र आठ-अच्या उताऱ्यावर काही आरने कमी का दिसू लागले, असे विचारले असता उत्तर ठरलेले असे: सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, वर कळवले आहे. ज्या दफ्तरात प्रत्येक आकड्याखाली कोणाची तरी सही असावयाची, त्या दफ्तरात सर्व्हर नावाचा एक बिनसहीचा इसम कारभार पाहू लागला, हे काही केल्या माझ्या मनाला पटेना. संगणकाची निंदा करणाऱ्यांपैकी मी नाही. एका उताऱ्याच्या नकलेसाठी सज्जाच्या गावी खेटे घालून, तलाठी बैठकीला गेले आहेत एवढे ऐकून माघारी फिरणारी म्हातारी माणसे मी सारा जन्म पाहिली आहेत; १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला तेव्हा त्यांच्या वतीने मलाही बरे वाटले. मात्र जे यंत्र आपल्या हातात दिले गेले त्याचे पोट कसे चालते हे कारकुनाला ठाऊक असू नये, ही व्यवस्था मला कधीच मान्य झाली नाही, आणि माझे कॉलेजात जाणे हा त्या अमान्यतेचाच परिणाम होय.

शासकीय नोकराने शिकावयाचे म्हटले तरी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. माझा अर्ज रीतसर आवक झाला, त्यावर टिपणी चढली, आस्थापना शाखेने कार्यालयीन कामकाजास बाधा येणार नाही या अटीवर शिफारस केली, आणि ज्या तहसीलदारसाहेबांनी शेवटी सही केली त्यांनी ती करताना मान वर न करता विचारले, "रावसाहेब, या वयात काय मांडी घालून बसणार तुम्ही पोरांत?" मी म्हटले, बाके आहेत साहेब, मांडी घालावी लागत नाही. परवानगी मिळाली.

वर्गात मिळून साऱ्या जाती-प्रकारची मंडळी होती. एका पतसंस्थेत हिशेब लिहिणारी मुलगी होती, आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यातला एक स्टोअरकीपर होता, इस्पितळात केसपेपर सांभाळणारा एक जण होता, आणि उरलेली सारी नुकतीच पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेली मुले. पहिल्या आठवड्यात ती मला सर म्हणत. मग कोणीतरी काका म्हटले आणि तेच रूढ झाले. डेटाबेस शिकवणाऱ्या मॅडम माझ्या थोरल्या मुलीहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनाही मी आरंभी मोठा प्रश्नच वाटलो असलो पाहिजे, कारण फळ्यावर काही लिहून झाले की त्या माझ्याकडे अशा नजरेने पाहत की जणू मी तपासणीला आलो आहे.

त्यांनी सुरुवात केली ती एडगर कॉड या गृहस्थापासून. हा मूळचा इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता, पुढे अमेरिकेत आयबीएमच्या नोकरीत शिरला, आणि कॅलिफोर्नियातील त्या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की, माहिती कितीही अवाढव्य असली तरी ती साध्या तक्त्यांत मांडावी, प्रत्येक ओळीला तिची निःसंदिग्ध ओळख असावी, एका तक्त्याचा दुसऱ्याशी असलेला संबंध त्या ओळखीच्याच आधारे सांगावा, आणि माहिती मागणाऱ्याला ती यंत्राच्या आत कोठे, कशी ठेवली आहे याची पंचाईत पडू नये. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉईस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा रचली, तिचीच आज सर्वत्र चालणारी एसक्यूएल झाली. मॅडमांनी उदाहरण घेतले ग्रंथालयाचे: एक तक्ता पुस्तकांचा, एक सभासदांचा, आणि तिसरा कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले त्याचा. मुले वहीत चौकटी काढू लागली. मी मात्र त्या चौकटींकडे पाहत असताना माझ्या डोळ्यांपुढे अँडरसनचे मॅन्युअल उभे राहिले होते.

मुंबई इलाख्यातील एका आयसीएस अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाचे जे नियमपुस्तक रचले ते अँडरसन मॅन्युअल या नावाने आमच्या खात्यात आजही ओळखले जाते, आणि गावच्या महसुली माहितीची त्यातील एक ते एकवीस नमुन्यांत केलेली वाटणी आजतागायत चालू आहे. जमीन कोणाच्या नावे आहे ते गाव नमुना सातमध्ये. तीत काय पिकले ते बारामध्ये. हक्कात बदल कोणत्या कारणाने झाला ते सहामध्ये. बदलावर तक्रार आली तर ती सहा-अमध्ये. खातेदार मयत झाला तर वारसांचा तपास सहा-कमध्ये. आणि एका खातेदाराची गावातील सगळी जमीन एकत्र पाहावयाची तर ती आठ-अमध्ये. आता सातचा एखादा जुना उतारा जवळ घेऊन पाहावा. वर डाव्या अंगाला भूमापन क्रमांक आणि हिस्सा, त्याखाली हेक्टर-आरमध्ये लागवडीयोग्य क्षेत्र, मग पोटखराबा, मग रुपये-पैशांत आकार. मध्ये भोगवटादारांची नावे, आणि प्रत्येक नावाच्या अंगाला एका लहानशा वर्तुळात लिहिलेला एक आकडा. परक्या माणसाला ते वर्तुळ निरर्थक वाटते. वस्तुतः सगळ्या उताऱ्याचा जीव त्या वर्तुळात असतो. कारण तो फेरफाराचा क्रमांक, आणि तो घेऊन सहाच्या नोंदवहीकडे गेले की हे नाव येथे खरेदीखताने आले, वारसाने आले, वाटपाने आले की न्यायालयाच्या हुकुमाने आले याचा उलगडा तारखेसकट होतो. नावाच्या शेजारी कारण लिहावयाचे नाही, कारणाचा क्रमांक लिहावयाचा. कारण एकदाच, त्याच्या जागी, सविस्तर लिहावयाचे. मॅडम ज्याला फॉरेन की म्हणत होत्या ती हीच, असे मी हात वर करून सांगितले तेव्हा त्या खडू हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "काका, उद्या एक उतारा घेऊन याल का?"

मी नेला. तो तास ग्रंथालयाचा न होता सातबाऱ्याचा झाला, आणि कोकणातला सातबारा म्हणजे काय चीज आहे हे त्या दिवशी मुलांना कळले. देशावर एका गटाला एक-दोन नावे सापडतात. आमच्याकडे चार आर जमिनीवर चाळीस नावे असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. पणजोबाचे नाव लागलेले असते, त्याच्या चार मुलांचे वारस लागलेले असतात, त्यांतले निम्मे परळ-लालबागहून डोंबिवली-विरारला सरकलेले असतात, कोणाची आणेवारी दोन आणे आठ पै तर कोणाची केवळ सामाईक. आणि इतर हक्कात एखाद्या सोसायटीचा बोजा, जी सोसायटी स्वतःच अवसायनात गेलेली. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला, तरी त्या पद्धतीने पाडलेल्या गाठी पुष्कळ गावच्या जुन्या कागदांत अजून हाताला लागतात. पतसंस्थेतल्या मुलीने पहिल्या चौकटीत जमीन लिहिली, दुसरीत खातेदार लिहिला आणि दोहोंना एका रेघेने जोडले. मी म्हटले, बाई, ही रेघ पुरायची नाही. एका माणसाच्या पुष्कळ जमिनी आणि एका जमिनीची पुष्कळ माणसे, आणि हिस्सा हा ना जमिनीचा गुण ना माणसाचा. मॅडमांनी मध्ये तिसरी चौकट काढली, तीत दोन्हींचे क्रमांक घातले आणि आणेवारी त्या तिसऱ्या चौकटीत बसवली. इतकी वर्षे ज्या हिश्शाच्या भांडणांनी माझी सकाळ खराब केली होती, त्यांना अखेर बसावयास स्वतःची जागा मिळाल्याचे पाहून मला जे समाधान झाले ते कोणाला सांगून पटणार नाही.

नाव ही माणसाची ओळख होऊ शकत नाही, हा पाठही त्याच आठवड्यातला. एकच माणूस एका उताऱ्यावर बाळकृष्ण, दुसऱ्यावर बाळा, तिसऱ्यावर बाळू. आणि उलट, एकाच वाडीत आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे नाव, बापाचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारे दोन निराळे इसम. हे मुलांना गमतीचे वाटले. ज्याची जमीन दुसऱ्याच्या खात्यावर चढली त्याला ते तितके गमतीचे वाटत नाही, आणि प्रांतसाहेबांपुढे चालणाऱ्या अपिलांचा एक चांगला वाटा या नामसादृश्यावर पोसला जातो.

खरा वाद पुढे झाला, आणि त्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या सगळ्या शिक्षणात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे जे काही होते ते तेथेच होते. एसक्यूएलमध्ये नोंद बदलण्याची एक आज्ञा आहे आणि नोंद काढून टाकण्याची दुसरी. मॅडमांनी दोन्ही चालवून दाखवल्या. पडद्यावर एक नाव होते, क्षणात त्या जागी दुसरे आले. एक ओळ होती, ती दिसेनाशी झाली. आणि यंत्राने नम्रपणे कळवले की एका ओळीवर परिणाम झाला. मला राहवले नाही. मी विचारले, आधीचे नाव कोठे गेले? त्या म्हणाल्या, गेले. कोणी घालवले? ज्याने आज्ञा दिली त्याने. कोणत्या आधाराने? यावर वर्ग हसला. परंतु हा प्रश्न हसण्याचा नव्हता. आमच्या दफ्तरात सातवरून नाव कमी करावयाचे झाले तर ते पुसत नाहीत, त्याला कंस करतात. नाव कंसात जाते, वाचता येते, आणि कंसाशेजारी ज्या फेरफाराने ते गेले त्याचा क्रमांक राहतो. अलीकडे कंसातल्या नावावर आडवी रेघही दिसते, पण रेघेखालचे नाव वाचता येतेच. चाकूने खरवडलेला किंवा पांढऱ्या शाईने झाकलेला आकडा नोंदवहीत सापडला तर तपासणी अधिकारी त्या पानावर थांबतो आणि तलाठ्याची झोप उडते. बदल हा गुन्हा नाही. बदलाची खूण नाहीशी करणे हा आहे.

मॅडमांना हे सारे निमूटपणे ऐकून घेण्याचे कारण नव्हते, आणि त्यांनी घेतलेही नाही. पुढच्या तासाला त्यांनी ट्रान्झॅक्शनचे प्रकरण काढले. विक्री झाली तर विकणाऱ्याचे नाव जाणे आणि घेणाऱ्याचे येणे या दोन गोष्टी एक तर दोन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये; मध्येच वीज गेली म्हणून जमीन बेवारस राहता कामा नये; आणि एकदा पक्के झाले म्हणजे पक्के. जिम ग्रे नावाच्या संशोधकाने या विचाराला भक्कम पाया घालून दिला आणि त्याला १९९८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, असेही त्यांनी सांगितले. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुमची फेरफाराची रीत सांगा." मी सांगितली. तलाठी सहाच्या वहीत नोंद धरतो, चावडीवर प्रत लावतो, संबंधितांना नोटिसा बजावतो. पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते. हरकत आली तर प्रकरण सहा-अमध्ये जाते, न आली तर मंडळ अधिकारी कागद पाहून नोंद प्रमाणित करतात किंवा कारण लिहून रद्द करतात. आणि प्रमाणित झाल्यावरच सातवर कंस पडतो व नवे नाव चढते. रद्द झालेली नोंदसुद्धा वहीत राहते, तिचा क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही. मॅडमांनी फळ्यावर शेजारी शेजारी दोन्ही मांडले तेव्हा वर्गातल्या बेकार पोरांनासुद्धा दिसले की, कॅलिफोर्नियात बसून विद्वानांनी जे योजले आणि चावडीत बसून तलाठ्याने जे पाळले, त्यांत फरक वेगाचा आहे आणि शाईचा आहे. त्यांनी हेही दाखवले की चांगल्या डेटाबेसच्या पोटात झालेल्या प्रत्येक बदलाची रोजनिशी चालू असते, आणि ज्याला कंसातली नावे हवी आहेत त्याने 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने ठेवून जुनी ओळ जपावी, काढून टाकण्याची आज्ञा द्यावीच लागत नाही. ही मांडणी यंत्राला येते. ती करून घेण्याची बुद्धी मात्र मांडणाऱ्याला असावी लागते, आणि ती बुद्धी ग्रंथालयाच्या उदाहरणातून येत नाही, असे माझे ठाम मत झाले.

येथे एक विषयांतर करतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले मराठी राज्याचे हजारो गठ्ठे आहेत. त्यांतून निवड करून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या अवघ्या चार-पाच वर्षांत पंचेचाळीस भाग छापून काढले, हे इतिहासाचे वाचक जाणतातच. इंडेक्सचा पाठ चालू असताना मला त्या रुमालांची आठवण झाली. कारण कागद जपून ठेवणे आणि कागद सापडणे या दोन अगदी निराळ्या विद्या आहेत, आणि पहिली ज्याने साधली त्याला दुसरी येतेच असे नाही. आमच्या अभिलेख कक्षात अ वर्गाचे कागद कायमचे आणि ड वर्गाचे वर्षभराचे अशी वर्गवारी चोख असते. तरी एखादी जुनी फाळणी हवी झाली की कक्षाच्या कारकुनाची मर्जी हाच इंडेक्स ठरतो. असो.

प्रकल्प व्यवस्थापन या विषयाविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. त्यातील पुष्कळसा भाग ज्याने एकदा जमाबंदी किंवा निवडणुकीचे काम पाहिले आहे त्याला नवा वाटणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे हेन्री गँट याने रूढ केलेले आडव्या पट्ट्यांचे तक्ते दिसावयास नेटके असतात आणि साहेबांना आवडतात, एवढे म्हणून पुढे जाण्यास हरकत नाही. परंतु त्यातला एक विचार मात्र मला मोलाचा वाटला. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीत, आणि त्यानंतर लगेच तेथील नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामात, कामांची अशी साखळी शोधून काढण्याची रीत बसवण्यात आली की जिच्यातील एका कडीला एक दिवस उशीर झाला तर सारे काम एक दिवस लांबते, आणि जिच्याबाहेरच्या कामात कितीही घाई केली तरी काही साधत नाही. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. आमच्या तालुक्यात एका दुरुस्ती मोहिमेच्या वेळी काम रेंगाळले म्हणून वरून जादा डेटा ऑपरेटर पाठवण्यात आले होते. नोंदी झपाट्याने भरल्या गेल्या आणि सगळ्या मंडळ अधिकाऱ्यांच्या लॉगिनमध्ये जाऊन तुंबल्या. शिवाय नव्या ऑपरेटरांना आमच्या उताऱ्यांची गुंतागुंत समजावून देण्यात जुन्यांचा अर्धा दिवस जाई. आयबीएममध्ये मोठ्या प्रणालीचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स याने १९७५ साली पुस्तक लिहून सांगितले होते की रेंगाळलेल्या कामावर माणसे वाढवली की ते अधिक रेंगाळते. ते पुस्तक मोहिमेपूर्वी कोणी वाचले असते तर जादा ऑपरेटरांऐवजी एका मंडळ अधिकाऱ्याची इतर कामांतून सुटका झाली असती.

वर्गात कोकण रेल्वेचे उदाहरण निघणे अपरिहार्य होते. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल, ही चित्रे पडद्यावर आली आणि मुलांनी अभिमानाने पाहिली. मी त्या दिवसांत नोकरीला नवीन लागलो होतो व भूसंपादनाच्या शाखेत नकला करीत होतो. त्यामुळे पहिली कुदळ पडण्याआधी काय काय घडावे लागते ते मी निराळ्या टोकाने पाहिले होते. १८९४ च्या कायद्याप्रमाणे अधिसूचना, मोजणी, हितसंबंधितांना नोटिसा, निवाडा. आणि ज्यांचा पत्ता लागत नाही किंवा ज्यांच्यात वाद आहे त्यांची रक्कम न्यायालयात भरणे. पाठ्यपुस्तकात बोगद्याच्या भूस्तरावर पाने होती, चाळीस नावांच्या उताऱ्यावर ओळ नव्हती.

सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाने एका कामाचे नियोजन करून दाखवावयाचे होते. आमच्या गटाने, अर्थात माझ्या आग्रहाने, एका काल्पनिक गावातील थकलेल्या वारस नोंदी निकाली काढण्याचे काम घेतले. मुलांनी दोन दिवसांत एक देखणा तक्ता आणला. मे महिन्यात आरंभ, मयत खातेदारांची यादी, मृत्यूचे दाखले, वारसांचे जबाब व शपथपत्रे, स्थानिक चौकशी, नोंद, नोटिसा, प्रमाणन, ऑगस्टअखेर समाप्ती. क्रिटिकल पाथ तांबड्या रंगात. मी विचारले, जबाब देणारे आहेत कोठे? मुंबईला. मग त्यांना तारखेला कोण आणणार? आणि जून लागला की वाडीतला माणूस लावणीच्या चिखलात असतो, तो चावडीवर येणार केव्हा? कॅनिंगच्या कारखान्यातल्या मुलाने तेव्हा सांगितले की, आमच्या घरी सगळे चुलते एका जागी भेटतात ते फक्त गणपतीत. सगळा तक्ता तेथून फिरला. यादी आणि दाखले पावसाळ्याआधी करून घ्यावयाचे, कोऱ्या नमुन्यांचे संच पोलीस पाटलाकरवी घरोघर आधीच पोचवावयाचे, आणि जबाब घ्यावयाचे ते भाद्रपदात, गणपती घरात असताना, चाकरमानी परतीच्या गाडीला लागण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत. जे राहतील ते शिमग्याला. हे ठरले आणि आम्ही तारखा भरू लागलो, तर संगणक त्या तारखा घेईना. त्याच्या दिनदर्शिकेत चतुर्थीची सुट्टी घातलेली होती, आणि जवळ आलेला शनिवार-रविवारही त्याने काम नसलेले दिवस म्हणून करडे करून ठेवले होते. ज्या दिवसांवर सगळे काम अवलंबून, नेमके तेच दिवस त्याच्या हिशेबी नव्हते.

मॅडमांनी एक अवघड प्रश्न विचारला, आणि तो न्याय्य होता: त्या दिवशी तलाठ्याच्या घरी गणपती नसतो का? आमच्या जवळ याला पूर्ण उत्तर नव्हते. एक दिवस त्याने द्यावा आणि दोन दिवस बदली रजा घ्यावी, असे आम्ही लिहिले. आणि हा खर्च तक्त्यात दाखवला. पंधरा दिवसांची हरकतीची मुदत मात्र आम्ही हात न लावता तशीच ठेवली. ती माणसे वाढवून कमी होत नाही, पैसे ओतून होत नाही, साहेब रागावून होत नाही. जमीन ज्याची जाणार आहे त्याला तोंड उघडण्यासाठी कायद्याने दिलेला तो अवकाश आहे, आणि जो नियोजक त्याला वाया गेलेला वेळ समजेल त्याच्या हाती महसुलाचे काम देऊ नये.

परीक्षा झाली, निकाल लागला. गुण मध्यम पडले, कारण तीन तासांत जलद लिहिण्याची माझी सवय गेली आहे. कचेरीत माझ्या टेबलाचे काम बदलले नाही, पगारही बदलला नाही. मात्र आठ-अ आणि सात यांच्यात फरक आढळला की आता मी वर कळवताना केवळ फरक आहे एवढे लिहून थांबत नाही. कोणत्या खात्याचा दुवा कोणत्या हिश्शाशी तुटला असावा आणि कोणत्या फेरफारापासून तुटला, ते टिपणीत लिहितो, आणि अशा टिपणीला उत्तर लवकर येते असा अनुभव आहे. ज्या संस्था डेटाबेस शिकवतात त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना एक दिवस जवळच्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाठवावे. तहसीलदार परवानगी देतात, अर्ज मात्र आठ दिवस आधी आवक करावा. आणि माझ्याच वयाच्या, माझ्याच खात्यातल्या ज्या कोणाला या वर्गात जाण्याची इच्छा असेल त्याला एवढेच सांगतो की, प्रवेशाचे अर्ज जूनमध्ये निघतात, खात्याची परवानगी मिळण्यास वेळ लागतो म्हणून ती मार्चअखेरची धांदल संपताच मागावी, आणि दोन विषयांपैकी डेटाबेस आधी घ्यावा व प्रकल्प व्यवस्थापन मागाहून. उलट केल्यास वर्षभर तक्ते रंगवणे होईल आणि त्या तक्त्यांत काय भरावयाचे ते शेवटपर्यंत कळणार नाही.